मीठ वेगळं

भुसावळला मे महिन्यात
बारानंतर सावलीसुद्धा भिंतीला चिकटून उभी राहते.
रनिंग रूमच्या कूलरमध्ये सकाळपासून तीन बादल्या ओतल्या,
वाळा कोरडाच.

केवळबाई सपकाळे तापीच्या वाळूतून येते,
डोक्यावर पाटी, पाटीवर ओलं गोणपाट,
गोणपाटाखाली काकड्या, अजून रात्रीच्या गार.
मी विचारतो, कडू नाहीत ना?
"मी काई काकडीच्या पोटात शिरेल नाई, तडवीभाऊ.
कडू निंघाली त परत आनजो.
अर्धी खाऊन नको आनू."

आधी डेख कापायचं,
कापलेला तुकडा कापल्या जागीच घासायचा
पांढरा फेस येईपर्यंत.
कडूपणा असा बाहेर येतो म्हणतात.
माझा विश्वास नाही.
बावीस वर्षं घासतोय.

किसणी आहे फडताळात, रेल्वेनेच दिलेली,
तिच्यावर लाल रंगात नंबरही आहे.
पण किसलेली काकडी म्हणजे रडून दमलेलं तोंड.
मी चोचवतो.
डाव्या हातात काकडी उभी,
उजव्या हातातली सुरी वरून नुसती टोचत जाते, फार खोल नाही,
मग पातळ काप,
आणि ताटात पडतो बारीक, दाणेदार चुरा.
काकडीला कळायच्या आत तिचं काम झालेलं असतं.

मीणा, करौलीचा, चोवीस वर्षांचा सहायक पायलट,
पहाटे इटारसीहून मालगाडी घेऊन आलेला,
झोप लागेना म्हणून स्वयंपाकघराच्या दारात उभा.
क्या कर रहे हो, चाचा?
चोचवणं.
त्याच्या भाषेतला शब्द मला सापडेना.
मग पाच बोटं जुळवून चोच केली,
ओट्यावर सांडलेले दोन शेंगदाणे टिपून दाखवले.
तो हसला. खिशातून फोन काढला.
लग्नाला चार महिने झालेले.
बायकोला म्हणाला, सुन,
आणि फोन माझ्या सुरीजवळ धरला.

मी जरा जोरातच चोचवलं.
टच् टच् टच् टच्
आठशे किलोमीटरवर एक पोरगी
काकडीचा आवाज ऐकत होती.
मग ती काहीतरी बोलली
आणि हा कानाच्या पाळीपर्यंत लाल.

तिला माप हवं होतं.
मापाचं काय सांगू?
दाण्याचं कूट मूठभर, सालांसकट भाजलेलं,
मूठ माझी, तिची नाही.
कोथिंबीर देठांसकट.
पुदिना मागच्या नळाखाली उगवतो, बादली सांडते तिथे,
कुणी लावलेला नाही,
तो हातानेच चुरगाळायचा, त्याला सुरी दाखवायची नाही.
हिरवी मिरची जिऱ्याबरोबर रगडून.
लिंबू, नाहीतर कैरी, जे स्वस्त असेल ते.
वरून तेल-हिंगाची फोडणी, चुर्र झाली पाहिजे.

और नमक?

मीठ पानावर बसल्यावर.
आधी घातलं तर काकडी सगळं बोलून टाकते,
मग वाटीत उरतं नुसतं पाणी.

एक वाजता कॉल आला, तीनची गाडी.
बाहेर सेहेचाळीस.
इंजिनात किती, ते कुणी मोजत नाही.
डब्यात कळण्याच्या दोन भाकरी, वांग्याची भाजी,
वरच्या खणात काकडी,
आणि पेपरच्या कपट्यात चिमूटभर मिठाची पुडी,
दोऱ्याने बांधून,
जशी पोरांना शाळेत जाताना नाणी बांधून देतात.

म्हटलं, बुऱ्हाणपूरला घाई करू नकोस.
खंडव्याच्या अलीकडे आउटरला उभं करतातच.
लाल दिसला की घाल.
त्याने मान हलवली, एखादा गाडीचा नियम ऐकावा तशी.

सगळी पानं उठली, परात धुतली.
माझ्यासाठी ठेवलेली शेवटची काकडी
ओट्यावरच बसून खाल्ली, तशीच, न चोचवता.
कडू निघाली.
कळलं तेव्हा अर्धी पोटात गेलेली.

उद्या केवळबाईला काय सांगू?